तुरळक ठिकाणी सरकार

येत्या आठवड्यात कोकण-गोव्यात हवा उष्ण आणि दमट राहील, मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस पडेल, मराठवाड्यात सोसाट्याचा वारा सुटेल, विदर्भात एक-दोन ठिकाणी गारा पडतील आणि उरलेल्या ठिकाणी उष्णतेची लाट येईल. छत्री, टोपी, ताडपत्री, कांदा आणि घागरभर पन्हं जवळ बाळगलं की नागरिकांनी घाबरून जाण्याचं कारण नाही.

चैत्रातला असा अंदाज खोटा ठरत नाही. तो लिहिलेलाच तसा असतो. हवामान खात्याच्या हिशेबात ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नासपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तरपर्यंत आणि त्यावर गेलं की ‘बहुतांश ठिकाणी’. शास्त्रज्ञांचा यात काही दोष नाही. उन्हाळी ढग दुपारी दोनला जन्माला येतो आणि पाचला कुणाच्या तरी आंब्यावर कोसळून मोकळा होतो. तो नेमका कोणाचा आंबा, हे आठवडाभर आधी ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. इतकी प्रामाणिक मोजपट्टी राज्यकारभाराला का लावत नाहीत, एवढंच आम्हाला कळत नाही. नळाला पाणी काही ठिकाणी, एसटी तुरळक ठिकाणी, डांबर एक-दोन ठिकाणी आणि वाढदिवसाचे फलक बहुतांश ठिकाणी, असं जाहीरनाम्यात छापलं तर पाच वर्षांनी कोणाला तोंड चुकवावं लागणार नाही.

राजकारणाला जे जमलं नाही ते या खात्याने कधीच उरकून टाकलंय. गोव्याने 1967च्या जनमत कौलात महाराष्ट्रात यायला नकार दिला, पण हवामान खात्याच्या नकाशात कोकण आणि गोवा आजही एकाच ओळीत सुखाने नांदतात. वेगळ्या विदर्भासाठी किती मोर्चे निघाले, किती शपथा झाल्या. इथे विदर्भ वेगळा आहे, त्याचा अंदाज नागपूरहून निघतो आणि कोणी हूं की चूं करत नाही. मराठवाड्याचा अनुशेष मात्र इथेही आहे, फक्त पावसाचा. आणि मध्य महाराष्ट्र नावाच्या चौथ्या मोटेत महाबळेश्वर, जळगाव, सोलापूर आणि कोल्हापूर असे चौघे एकत्र बांधले आहेत. ‘मध्य महाराष्ट्रात तापमान वाढेल’ हे वाक्य जळगावचा माणूस ओल्या पंचाखाली वाचतो आणि महाबळेश्वरचा हॉटेलवाला दर वाढवता वाढवता.

खरी गंमत अंदाज खाली उतरायला लागला की सुरू होते. इशाऱ्याचे रंग ठरलेले आहेत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कामाला लागा. कचेऱ्यांमध्ये त्याची वेगळी फोड आहे. पिवळा म्हणजे पुढे पाठवा, नारिंगी म्हणजे ‘तातडीचे’ असं लिहून पुढे पाठवा, लाल म्हणजे पुढे पाठवून पोच घ्या. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षातून निघालेला इशारा तहसिलात येतो, तिथून तलाठ्याकडे येतो (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, सज्ज्याची खोली तीच आहे), तिथून गावच्या ग्रुपवर पडतो आणि सुप्रभातचं कमळ, कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, हरवलेली शेळी यांच्यामधून वाट काढत शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोचतो. तोवर पाऊस पडून गेलेला असतो. पण पोच मिळालेली असते, आणि सरकारी शब्दकोशात आपत्ती व्यवस्थापन म्हणतात ते यालाच.

या इशाऱ्याखाली दर वर्षी एक ओळ असते: ‘काढणी केलेला माल सुरक्षित ठिकाणी ठेवावा.’ हे सुरक्षित ठिकाण कोणत्या तालुक्यात येतं, याचा शोध आम्ही बरीच वर्षं घेतोय.

तासगाव-कवठेमहांकाळकडे बेदाण्याचं शेड बघा. चैत्रात ते भरलेलं असतं. पिकलेली द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायची, म्हणजे सालीवरची मेणकट लव सुटते, आणि मग जाळीच्या रॅकवर एकावर एक थरांत पसरायची. वर पत्रा आणि चारी बाजू उघड्या, कारण वारा आरपार गेला पाहिजे. दोन आठवडे कोरडी हवा मिळाली की हिरवट पिवळा, काचेसारखा बेदाणा तयार. आता यात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जना’ घाला. वाऱ्याबरोबर तिरका पाऊस आत घुसतो, म्हणून बाजूचे पडदे सोडायचे. पडदे सोडले की वारा बंद, आत दमट हवा, आणि दोन दिवसांत माल चिकट होऊन काळा पडायला लागतो. पडदे वर केले तर पाऊस काळा करतो, खाली सोडले तर दमटपणा काळा करतो. बाजारात भाव रंगाला आहे. शेडचा मालक रात्री बॅटरी घेऊन दोन रॅकच्या मधे उभा असतो, एक हात पडद्याच्या दोरीवर. त्याच वेळी मोबाइल वाजतो: माल सुरक्षित ठिकाणी ठेवावा.

विजेच्या सूचना याहून पक्क्या. झाडाखाली थांबू नये. मोकळ्या रानात थांबू नये. पत्र्याच्या शेडजवळ, तारेच्या कुंपणाजवळ, पाण्यात थांबू नये. शास्त्र सगळं बरोबर आहे, आणि माणसं खरोखरच मरतात, म्हणून त्यावर हसणं नको. पण झाड, रान, पत्रा, कुंपण आणि पाणी वजा केल्यावर शेतात उरतं काय, तर सातबारा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचं ॲप काढलंय, आसपास कुठे वीज कोसळते आहे ते दाखवणारं. काम चांगलं आहे. मात्र आमच्या अनुभवात, पहिला कडकडाट झाला की महावितरणच्या आधी मोबाइलची रेंज जाते, आणि मग माणूस आजोबांच्या पद्धतीवर येतो: चमकली की आकडे मोजायचे आणि गडगडलं की पळायचं.

उष्म्याच्या बाबतीत तर आपण सगळे सावलीतला हिशेब उन्हात बसून वाचतो. सरकारी तापमान मोजतात ते झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, जिथे ऊन थेट शिरत नाही आणि वारा खेळता राहतो. शास्त्राला तसंच लागतं. म्हणजे 41 अंश हा आकडा त्या पेटीत बसलेल्या माणसासाठी आहे. डांबराच्या पिंपाजवळच्या बाईचा, ऊसतोडीच्या टोळीचा, सिग्नलवर हेल्मेट घालून उभ्या असलेल्या डिलिव्हरीच्या पोराचा आकडा कोणी काढत नाही. 16 एप्रिल 2023ला खारघरच्या मैदानात सरकारी पुरस्कार सोहळ्यासाठी भर दुपारी लाखो माणसं उघड्यावर बसवली होती. मंचावर छप्पर होतं. उष्माघाताने माणसं गेली, आणि सावलीतला माणूस उन्हातल्या माणसासाठी दुपारची वेळ ठरवतो तेव्हा काय होतं हे राज्याने पाहिलं.

लाट जाहीर करायलाही नियम आहे. सपाटीवर पारा किमान चाळिशीला टेकला पाहिजे, किनाऱ्यावर सदतिसला, आणि नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वर गेला पाहिजे, नाहीतर सपाटीवर थेट पंचेचाळिशी गाठली पाहिजे. त्यामुळे चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या माणसाची पंचाईत होते. त्याचं नेहमीचंच 42, तेव्हा 43 झालं तरी ती लाट नाही, ते घरचं ऊन. याउलट मुंबईत मार्चमध्ये समुद्राकडचं वारं यायला दुपार उलटली आणि सांताक्रूझला पारा अडतिसावर गेला, की दूरचित्रवाणीवर दिवसभर शहाळी फुटतात. 2024च्या मे अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते. खात्याने लगेच यंत्र बिघडल्याचा खुलासा केला. नागपूरकर मात्र दुपारी दोनला बाहेर उभं राहून ती बातमी वाचत होते, त्यांना यंत्रात बिघाड कुठे आहे हेच कळेना. पुणेकरांची तऱ्हा निराळी. खात्याचं मुख्यालय 1928मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं आणि ती इमारत अजून सिमला ऑफिस म्हणून ओळखली जाते. तिच्यासमोर चैत्रात बसची वाट बघत घामाघूम होताना ‘आमच्या वेळी पुण्याची हवा’ असं म्हणायला मिळतं, ही त्यांची खास सोय.

कोणाला हे सगळं जड वाटत असेल त्याने अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबावं. बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला त्या दिवशी घटमांडणी होते. शेतात घट मांडून भोवती धान्यं ठेवतात, मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाचे चार महिने, पानसुपारी म्हणजे राजाची गादी. रात्रभर तसंच ठेवून पहाटे काय हललं, काय ओलं झालं ते वाचतात. विज्ञानाच्या कसोटीला ते उतरत नाही, आणि उतरतं असं आम्ही म्हणणारही नाही. पण वार्ताहर तिथे दर वर्षी का पळतात ते समजतं. हवामान खातं फक्त पाऊस सांगतं. घट पाऊसही सांगतो आणि राजा टिकेल का तेही, आणि आपल्याकडे दुसऱ्याच्या उत्तरावर पहिल्याची नुकसानभरपाई ठरते.

भरपाईचा अंदाज मात्र आम्ही छातीठोकपणे देऊ शकतो. सरकारी मदतीला पिकाचं नुकसान किमान तेहतीस टक्के लागतं. गारेने याचं भान ठेवून पडावं. बत्तीस टक्क्यांवर थांबलेली गार शासनाच्या लेखी पडलेलीच नसते, तिला फार तर हवेत गारवा म्हणता येईल. हवामानावर आधारित फळपीक विमा असेल तर पावसाने आपल्या बागेत पडून भागत नाही, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात पडावं लागतं. डोंगराच्या अलीकडे मोहर झडला आणि पलीकडे यंत्र कोरडं राहिलं, तर तुमच्याकडे पडलं ते ढगाचं वैयक्तिक मत समजायचं. शिवाय पावसाने सवड पाहून यावं. मार्च 2023मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी संपावर असताना नेमका अवकाळी आला. पीक झोपलं, पंचनामा करणारे संपावर, आणि गहू तसाच रानात भिजत पुराव्यादाखल पडून. आडव्या झालेल्या गव्हाला कोंब फुटायला किती दिवस लागतात हे ज्याला माहीत आहे, त्याला आठवडाभराच्या संपाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तेव्हा येत्या आठवड्याचा आमचा अंदाज असा. सुरुवातीला पश्चिमेकडून बाष्प आणि मुंबईकडून निवेदनं येतील. मंगळवारपर्यंत बऱ्याच ठिकाणी ‘एकही शेतकरी मदतीपासून वंचित राहणार नाही’ असा गडगडाट होईल. प्रत्यक्ष मदत तुरळक ठिकाणी. विरोधी पक्षाचा दाब वाढेल, परंतु पट्टा कमी दाबाचाच राहील. बुधवारी पंचनाम्याचे आदेश निघतील, गुरुवारी ते तातडीचे होतील, शुक्रवारी सरसकट या शब्दावर चर्चा सुरू होऊन निकषांकडे सरकेल. हापूसची पेटी महाग होईल आणि त्याचं खापर शहरातले लोक दलालावर फोडतील, दलाल हवेवर, आणि हवा कोणावरच फोडणार नाही.

शनिवारी मंत्रिमहोदय हेलिकॉप्टरने येऊन बांधावरून पाहणी करणार असतील. खराब हवामानामुळे खराब हवामानाची पाहणी रद्द होईल. दौऱ्यासाठी एका शेतकऱ्याचा उभा गहू तीन दिवस आधीच घाईघाईने कापून, घरी पोचता करून, तिथे हेलिपॅडचा चुन्याचा गोल आखलेला असेल. गावात पावसातून वाचलेला गहू तेवढाच. नुकसान शून्य टक्के असल्याने त्या शेतकऱ्याला यादीतून वगळण्यात येईल, आणि गोल पुसून कोणी द्यायचा यासाठी त्याला तहसिलात अर्ज करावा लागेल.