गाडी चालवतोय, नंतर करतो

गाडी चालवताना माणूस फोन का उचलतो? 'गाडी चालवतोय, नंतर करतो' हे सांगायला. पलीकडचाही समजूतदार असतो. 'हो हो, चालव तू, एकच मिनिट घेतो,' म्हणतो. खोपोलीला सुरू झालेलं ते मिनिट लोणावळ्याला संपतं.

जुलै २०२४ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नवे कॅमेरे लागले, तेव्हापासून हे मिनिट महागलं आहे. वेग, पट्टा, लेन यांबरोबर हातातला फोनही ते टिपतात. चलान जातं गाडीमालकाच्या मोबाइलवर, आणि गाडी असते बाबांच्या नावावर. पुण्यात दुपारची वामकुक्षी मोडून बाबा ताबडतोब फोन लावतात: 'अरे, गाडी चालवताना फोनवर बोलत होतास म्हणून दंड आलाय!' चिरंजीव तेव्हा अमृतांजन पुलाच्या जागेपाशी असतात. फोन उचलतात.

त्यानंतर गाडीत जो संताप उसळतो, तो ऐकण्यासारखा. रस्त्यावर खड्डे आहेत त्याचं काय? टोल घेता ना? ट्रकवाले पहिल्या लेनमधून जातात, त्यांचे फोटो काढा की! मागच्या सीटवरची मावशी बाबांनी पाठवलेला चलानचा फोटो निरखून म्हणते, 'किती वाईट आलायस रे!' हातात फोन होता की नव्हता, हा मुद्दा तेवढा कुणी काढत नाही.

काढलाच, तर उत्तर तयार असतं. 'बोलत नव्हतो, मॅप बघत होतो.' आणि गंमत म्हणजे कायद्यानेच इथे एक फट ठेवली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार चालकाने हातातलं संपर्कयंत्र वापरणं म्हणजे धोकादायक वाहनचालन. पहिल्या वेळेला एक ते पाच हजार दंड किंवा तुरुंग, किंवा दोन्ही. पण ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांत म्हटलं आहे की, असं यंत्र फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येईल, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. म्हणजे बघायचं, पण लक्ष द्यायचं नाही. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला हे जमत असावं. बाकीच्यांनी हिशेब करावा: ताशी शंभरच्या वेगाने गाडी दोन सेकंदांत सुमारे ५५ मीटर पुढे जाते. आणि मुंबईहून पुण्याला जाताना द्रुतगती मार्गावर नकाशात नेमकं काय बघायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही. रस्ता एकच आहे.

लंडनमध्ये २०१९ साली फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमला चाकामागे फोन हाताळल्यावरूनच सहा महिने गाडी चालवायला बंदी झाली. रस्त्यावरच्या एका नागरिकानेच पोलिसांना कळवलं होतं. बिचाऱ्याच्या ओळखीत एकही नगरसेवक नव्हता. आपल्याकडे अडवल्यावर पहिला फोन त्यांनाच जातो. कॅमेरा मात्र 'साहेबांशी बोला' म्हटलं तरी फोन कानाला लावत नाही, हे नव्या यंत्रणेचं सगळ्यात लोकविरोधी अंग आहे. तरी धीर सोडायचं कारण नाही. चलान भरायचं नसतं, साठवायचं असतं. लोकअदालत लागली की घासाघीस करून तडजोड होते, अशी आशा आहे. मंडईत उठत्या बाजाराला भाजी घेणाऱ्यांना ही पद्धत शिकवावी लागत नाही.

या सगळ्यात एक साधा उपाय शेजारच्या सीटवर बसलेला असतो. बायकोच्या हातात काम नसतं, डोळे रिकामे असतात, नकाशा तिला कळतो, फोन घेता येतो, 'ते गाडी चालवताहेत' एवढं सांगताही येतं. ती हात पुढे करते. 'द्या इकडे, मी बघते.'

आणि बोरघाटाच्या चढावर, डावीकडे कंटेनर, उजवीकडे कठडा असताना, हा माणूस फोन आणखी घट्ट धरून म्हणतो, 'नको, राहू दे. पासवर्ड आहे त्याला.'