आलंच ना जी!

शेगावच्या पायी दिंडीत टाळकरी लागतो, पताकावाला लागतो, मागून येणाऱ्या टेम्पोचा डायवर लागतो. यातला एखादा आजारी पडला तर निभून जातं. पण 'आलंच ना जी' म्हणणारे भाऊ नसतील तर दिंडी यवतमाळलगतच्या लोहाऱ्याची एमआयडीसीसुद्धा ओलांडायची नाही.

भाऊंचं वय पन्नास ते सत्तर यांच्यामध्ये कुठंही. डोक्याला रुमाल, खांद्याला शबनम, पायात रबरी चप्पल. नव्या पोट्ट्यांचे महागडे बूट पाहून ते फक्त "बरे हायेत" म्हणतात. दुपारी ते बूट टेम्पोत बसतात आणि बूटवाला भाऊंच्या जादा चपलेत चालत असतो. ही जादा जोडी भाऊ दर वर्षी याच हिशेबानं आणतात.

गजानन महाराज शेगावात दिसले ते माघ वद्य सप्तमीला, २३ फेब्रुवारी १८७८ रोजी. त्या प्रकटदिनाला पोचायचं म्हणून लोक यवतमाळहून दारव्हा रोडनं निघतात. वाटेत कारंजा, मूर्तिजापूर, अकोला. सगळं मिळून दोनशेच्या आसपास किलोमीटर. हा आकडा निघताना कुणाला सांगायचा नाही, हा भाऊंचा पहिला नियम. विचारलंच तर, "दारव्हा गेलं का झालं समजा!"

बांधकाम खात्याचा किलोमीटर आणि भाऊंचा किलोमीटर यांचं कधी जमलं नाही. दगडावर बारा लिहिलेले असले तर भाऊ म्हणतात, "तो जुना गोटा हाय, तेव्हा रोड वाकडा होता." उन्हं चढतात, दोन्ही बाजूंना उभ्या पऱ्हाट्या, कापलेल्या तुरीची खुंटं, मध्येच एखादा फुललेला पळस, आणि सावली म्हणाल तर समोरच्या माणसाची. "भाऊ, चहा कोठी?" "ते झाड दिसून राह्यलं ना? त्याच्या मांगंच." झाड येतं. त्याच्या मागं दुसरं झाड असतं.

याच पट्ट्यातून शकुंतला धावायची, यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, नॅरोगेज. १९२१ साली मँचेस्टरात बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. आता गाडीच बंद आहे. भाऊ तो विषय अभिमानानं काढतात, "आपून अजून चालू हावो!"

फोड आला की भाऊ डॉक्टर होतात. शबनममधून सुईदोरा निघतो, दोरा फोडातून आरपार जातो आणि तसाच आत राहतो. खरे डॉक्टर याला नको म्हणतात, पण ते पन्नास मैलांत चालताना दिसत नाहीत. ओरडणाऱ्याला भाऊ विचारतात, "लग्न झालं का तुहं? मग हे काहीच नाही."

स्पेनमध्ये सांतियागोला अशीच पायी वाट जाते. तिथं मुक्कामागणिक पुस्तिकेवर शिक्का मिळतो आणि शेवटचे १०० किलोमीटर चालले तरी प्रमाणपत्र हातात पडतं. भाऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांना शिक्क्याचं काही वाटलं नाही. "तेथी जेवाले काय देतात?" एवढंच त्यांनी विचारलं. इथं वाटेवरच्या गावात रोडगे आणि वांग्याची भाजी असते. पंगतीत भाऊ शेवटी बसतात. हा त्याग नव्हे. शेवटच्या पंगतीला वाढणारा थकलेला असतो आणि भाजीचं गंजच पुढ्यात ठेवून जातो.

रात्री शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या पडतात. बूटवाला पोट्टा पायाला खोबरेल चोळत विचारतो, "भाऊ, खरं सांगा, उद्या किती?"

"उद्या काय लेका! शेगावपावतर उतारच हाय."

सगळे हसतात. पण यवतमाळ पठारावर आहे आणि शेगाव पूर्णेच्या खोऱ्यात, दीडएकशे मीटर खाली. म्हणजे दिवसभरात भाऊ एवढं एकच खरं बोलले, आणि नेमकं त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.