नऊ महिन्यांचं वर्ष

लंडनचं स्थळ सांगून आलं की वधूपक्ष काय काय विचारतो? मुलाचं पॅकेज, घर स्वतःचं की भाड्याचं, सासू-सासरे तिकडेच असतात की उन्हाळ्यापुरते जातात, आणि मुलगा 'घेतो' का. मुलीचा मंगळ तर तीन ज्योतिषांकडून तपासून घेतात. मुलाच्या घराजवळचा जीपी, म्हणजे तिकडचा फॅमिली डॉक्टर, नवीन पेशंट घेतो का, हे मात्र आजवर एकाही मामाने बैठकीत विचारलेलं नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच हवा. मंगळाची शांत करता येते, जीपीच्या रिसेप्शनिस्टची नाही.

पॅकेजचा प्रश्न ब्रिटिश सरकारही विचारतं. एप्रिल २०२४ पासून जोडीदाराला तिकडे नव्याने न्यायचं तर वर्षाला किमान २९,००० पौंड कमाई दाखवावी लागते. वधूपिता आणि ब्रिटिश गृहखातं यांचं निदान एका बाबतीत तरी एकमत आहे. मग सरकार मुलगी बघतं, म्हणजे तिची फुप्फुसं बघतं. भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्याला क्षयाची तपासणी सक्तीची, तीही त्यांनी मान्य केलेल्याच केंद्रात. छातीचा एक्स-रे निघतो आणि दाखला सहा महिने चालतो. आपल्याकडे बघायला येणारे निदान पोहे तरी खाऊन जातात.

यानंतर देण्याघेण्याच्या गोष्टी. हुंडा घेणं आपल्याकडे १९६१ पासून गुन्हा आहे. ब्रिटिश सरकारला तो कायदा लागू नाही. त्यांच्याकडे त्याला इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज म्हणतात. २०१५ साली सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. पुढे ४०० झाला, मग ६२४, आणि फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५. एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, वापरण्याबद्दलची ही रक्कम आहे आणि ती अर्ज करतानाच, सगळ्या वर्षांची एकरकमी भरायची. जोडीदाराचा व्हिसा मिळतो दोन वर्षं नऊ महिन्यांचा. आता कोणीही चौथीतला मुलगा सांगेल की पावणेतीन वर्षांचे पैसे द्यायचे. पण हिशेबाचा नियम असा, की सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरायचा. म्हणजे नऊ महिन्यांचं एक वर्ष होतं आणि आकडा जातो ३,१०५ पौंडांवर, आपल्या साडेतीन लाखांच्या घरात. इकडच्या एखाद्या घरमालकाने अकरा महिन्यांच्या करारावर वर्षाचं भाडं मागितलं असतं तर सोसायटीत सभा झाली असती!

बरं, तिकडे पोचून मुलीला नोकरी लागली की पगारातून टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स कापला जातो तो वेगळाच. शेजारच्या इंग्रजाइतकाच. सरचार्जचे परत मिळतात का, असं विचारू नये. बाहेरून आलेल्यांनीही आपला वाटा उचलावा, असं तिथले मंत्री म्हणतात. एकाच बिलाचा वाटा दोनदा उचलायची सवय आपल्याला टोलमुळे आहेच.

तर अशी सगळी देणीघेणी उरकून चिंचवडची एक सूनबाई लंडनच्या उपनगरात पोचते. थंडीने महिन्याभरात तिचा कान दुखायला लागतो. चिंचवडला असती तर संध्याकाळी चप्पल घालून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली असती, बाकावर बसली असती, डॉक्टरांनी बॅटरीने कान बघून दोन रंगांच्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या असत्या. इथे आधी जीपीकडे नाव घालायचं. काउंटरवरची बाई अतिशय गोड. ब्रिटनमध्ये नकार नेहमी गोडच असतो.

"पत्त्याचा पुरावा आणलाय का?"

"मी यांच्याच घरी राहते. हे माझे मिस्टर."

"किती छान! वीजबिलावर तुमचं नाव आहे?"

"नाही, पण लग्नाच्या दाखल्यावर आहे."

"त्याच्यावरचा पत्ता चिंचवडचा आहे, डियर."

व्हिसासाठी नातं खरं आहे हे सिद्ध करायला तिने हळदीपासून सत्यनारायणापर्यंतचे फोटो, दोन वर्षांचे व्हॉट्सअॅपवरचे संवाद आणि आत्याबाईंचं पत्र जोडलं होतं. गृहखात्याला ती बायको म्हणून पटली. काउंटरला ती भाडेकरू म्हणून पटेना. घराचा करार, वीज, पाणी, कौन्सिल टॅक्स, सगळं चिरंजीवांच्या नावावर. बँकेत खातं काढावं तर बँक म्हणते, पत्त्याचा पुरावा आणा, जीपीचं पत्र चालेल. जीपीकडे यावं तर तिथे म्हणतात, बँकेचं स्टेटमेंट चालेल. लाइट बिलाच्या झेरॉक्सवर लहानाचे मोठे झालेलो आपण. तिला पहिल्यांदाच इंग्लंड माहेरासारखं वाटलं.

यातली गंमत अशी, की यातलं काहीच लागत नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कोणालाही जीपीकडे नोंदणी करता येते आणि त्यासाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, व्हिसाची स्थिती, काही म्हणजे काही दाखवावं लागत नाही, असं एनएचएस स्वतःच ठणकावून सांगते. पण नियम असतो वेबसाइटवर आणि काउंटरवर असते बाई. आपला सरकारी कारभार आपण इंग्रजांकडून शिकलो म्हणतात. हा धडा त्यांनी मागे ठेवून घेतलेला नाही, दोघांनाही पुरलाय.

नाव एकदाचं लागतं. मग सकाळी आठचा फोन. त्या दिवशीच्या भेटींसाठी बहुतेक दवाखान्यांच्या लाइनी आठला उघडतात आणि साडेआठला 'आजच्या वेळा संपल्या' ऐकू येतं. तत्काळ तिकिटांवर पोसलेल्या मराठी माणसाला यात नवीन काही नाही, फक्त इथे एजंट मिळत नाही. डॉक्टर भेटतात तेव्हा दहा मिनिटं शांतपणे ऐकून घेतात, कान तपासतात आणि पॅरासिटामॉल घ्या म्हणतात. तेही लिहून देत नाहीत, आणि त्यात त्यांचा चांगुलपणाच आहे. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात. तीच गोळी सुपरमार्केटात पौंडाच्या आत मिळते. सेव्हर्न नदीच्या पलीकडे, वेल्समध्ये, चिठ्ठीवरची औषधं फुकट. स्कॉटलंडात आणि उत्तर आयर्लंडमध्येही फुकट. सरचार्ज मात्र सगळीकडे सारखाच, त्यात प्रादेशिक असमतोल नाही.

रात्री व्हिडिओ कॉलवर आई.

"अगं, थेट कानाच्या डॉक्टरला दाखव ना!"

"आई, तसं नाही जाता येत. जीपीने पाठवलं तर मग अठरा आठवड्यांच्या आत नंबर लागावा असं आहे."

"अठरा आठवडे? तोवर कान राहील का जागेवर?"

आईंना कसं सांगणार, की अठरा आठवडे हे उद्दिष्ट आहे, आणि शंभरातल्या ब्याण्णव जणांसाठीचं ते उद्दिष्ट २०१६ नंतर एकदाही गाठलेलं नाही. कान मात्र आपोआप बरा होतो. ब्रिटिश वैद्यकाचा पाया हाच आहे आणि तो बराच शास्त्रीय आहे, हे आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना खासगीत मान्य असतं.

एवढं सगळं म्हटल्यावर एक गोष्ट कबूल करायलाच हवी. सूनबाईंना दिवस जातात आणि एकाएकी सगळी दारं उघडतात. मिडवाइफकडे थेट नाव नोंदवता येतं, जीपीच्या आठच्या फोनची गरज नाही. रक्ताच्या तपासण्या, बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी, मग विसाव्याची, सगळं वेळच्या वेळी, आणि पैशांचं कोणी नावही काढत नाही. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला तंत्रज्ञ सहज विचारते, मुलगा की मुलगी, सांगू का? चिरंजीव आधी दाराकडे बघतात. १९९४ च्या कायद्याची पाटी वाचत वाढलेला माणूस; त्याला वाटतं आता धाड पडणार. चिंचवडला तो महिनाभर कळवतच नाही.

बाळंतपण होतं. घरी सोडायच्या दिवशी चिरंजीव खिशात कार्ड चाचपत वॉर्डाबाहेर बिलिंगचं काउंटर शोधत फिरतात. पुण्यात डिस्चार्ज सकाळी लिहितात आणि विमा कंपनीची मंजुरी येईतो संध्याकाळ होते, बाळ तोवर अनामत ठेवल्यासारखं वर. इथे नर्स म्हणते, कारसीट आणलीय ना, मग निघा. ५ जुलै १९४८ ला तेव्हाचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी एनएचएस म्हणून जे सुरू केलं ते हे, आणि ते बघून भल्याभल्यांना भरून येतं. आधी भरलेले साडेतीन लाख त्या क्षणी कोणाला आठवत नाहीत. ते आठवतात व्हिसा वाढवताना. आणखी अडीच वर्षांचे २,५८७ पौंड आणि ५० पेन्स. वरचे ५० पेन्सही सोडलेले नाहीत.

बाळाला बघायला आजी येतात, व्हिजिटर व्हिसावर. त्यांनी जीपीला फुकट दाखवावं, अपघात विभागातही फुकट जावं. पण तिथून वॉर्डात दाखल झाल्या की ठरलेल्या दराच्या दीडपट बिल. तेव्हा आजींना प्रवासी विम्याशिवाय विमानात बसवू नये.

राहता राहिले दात. दात आणि चष्मा हे या लोकांचं जुनं दुखणं आहे. कवळ्या आणि चष्म्यांना पैसे लावायचं ठरलं म्हणून १९५१ साली खुद्द बेव्हन मंत्रिपद सोडून निघाले. पैसे मात्र लागले ते लागलेच. सरचार्ज भरला तरी दातांचे वेगळे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वर्षभर ते माफ असतात, फक्त त्या वर्षात नवीन पेशंट घेणारा एनएचएसचा डेंटिस्ट सापडावा लागतो.

तेव्हा जाणाऱ्या मंडळींनो, कौन्सिल टॅक्सच्या बिलावर तुमचं नाव घालायला जोडीदाराला साखरपुड्यातच सांगून ठेवा. जीपीकडे पहिल्याच आठवड्यात जा, दुखायची वाट बघू नका. पुरावा लागत नाही असं सांगणारं एनएचएसचं पान छापून बरोबर न्या. छापील कागदाला काउंटरवर मान असतो, तिथेही. आणि दात इकडेच दाखवून जा.