तळ दिसतोय का?

मे महिन्यात जलतरण तलावाचं पाणी पांढरट झालं की तलावावरच्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं. "पावडर टाकली आहे भाऊ, उद्यापर्यंत साफ होते." उद्या पाणी साफ होत नाही. परवा आणखी पावडर पडते, पाणी आणखी पांढरं होतं, पोरांचे डोळे लाल होतात आणि तिकीट खिडकी चालूच राहते. बालाघाट असो, गोंदिया असो की भंडारा, वैनगंगेच्या खोऱ्यातल्या कुठल्याही गावाला हे बोलणं ओळखीचं वाटेल.

हे थांबायला हवं. गढूळ तलावाचा दोष बहुधा पावडर कमी पडण्यात नसतो. तो मोटारखोलीतल्या त्या गोल टाकीत असतो, जिच्याकडे कोणी बघत नाही. त्या टाकीत रेती असते. तलावाचं सगळं पाणी त्या रेतीतून जातं, मळ तिथे अडतो आणि पाणी परत येतं. टाकी बिघडली की पोतीच्या पोती ओतूनही तळ दिसणार नाही. ब्लीचिंग पावडर तर उलटच काम करते. तिच्यात चुना असतो, तो पाण्यात पूर्ण विरघळत नाही आणि पाणी दुधाळ करतो. शिवाय पाण्याचा पीएच वाढवतो. साडेसात पीएचला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारायच्या कामाचा असतो, साडेआठला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणजे खर्च वाढला, पाणी गढुळलं आणि जंतू जिवंत राहिले.

आधी काटा बघा. टाकीवर दाबाचं गेज असतं. कित्येक ठिकाणी त्याची काच फुटलेली असते, काटा शून्यावर अडकलेला असतो आणि तसाच वर्षभर राहतो. काही शे रुपयांचं हे गेज बदलायला कुठल्या निविदेची गरज नाही. रेती स्वच्छ असताना काटा कुठे उभा राहतो ते टाकीवरच रंगाने लिहून ठेवा. समजा तो 0.8 किलोवर आहे. तो अर्धा ते पाऊण किलो वर चढला, म्हणजे 1.3 ते 1.55 च्या दरम्यान आला, की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून रेती धुवायची. त्याच्या आधी नाही आणि त्याच्या नंतरही नाही.

"आधी नाही" यावर माझा जोर आहे, कारण रोज सकाळी बॅकवॉश करणं म्हणजे फार दक्षता असा समज पक्का बसला आहे. रेतीत थोडा मळ साचला की दाण्यांमधल्या फटी आणखी बारीक होतात आणि गाळणी सुधारते. रोज धुतलेली रेती बारीक मळ सोडून देते. पाण्याचा हिशेबही करा. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात जवळपास पावणेपाच लाख लिटर पाणी मावतं. सहा तासांत ते एकदा फिरवायचं तर तासाला 78 हजार लिटर चालवावं लागतं. त्याच वेगाने पाच मिनिटांचा बॅकवॉश केला तर साडेसहा हजार लिटर पाणी गटारात गेलं. मे महिन्यात ज्या गल्लीत टँकरची वाट बघतात, तिथे हे सांगून पाहा. हे पाणी एका टाकीत दोन-तीन दिवस उघडं ठेवलं, त्यातला क्लोरीन उडून गेला, की झाडांना घालता येतं.

दुसऱ्या बाजूने काटा खालीही पडतो, आणि ते तितकंच वाईट. दाब कमी म्हणजे पाणीच कमी येतंय. मोटारीपुढच्या जाळीच्या डब्यात पानं आणि केस अडकले असतील, तलावाची पातळी खाली जाऊन मोटार हवा ओढत असेल, किंवा पाइपच्या जोडावरून हवा शिरत असेल. डब्याच्या पारदर्शक झाकणात बुडबुडे दिसले की हवा शिरतेय हे समजा. दाब जास्त आहे आणि बॅकवॉश करूनही उतरत नाही, तर रेती गोळे होऊन बसली आहे किंवा पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे. दाब बरोबर, तरी पाणी गढूळ, तर पाणी रेतीला टाळून जातंय. पावसाचं पाणी शेतात ओघळ पाडतं तशा वाटा रेतीत पडतात आणि पाणी त्याच वाटांनी धावतं. नाहीतर वरच्या सहा तोंडी व्हॉल्व्हमधलं रबर फाटलेलं असतं आणि मळ थेट तलावात परततो. हे रबर बहुधा एकाच सवयीने फाटतं: मोटार चालू ठेवून हँडल फिरवणं. मोटार बंद करा, मग हँडल दाबून फिरवा. बॅकवॉश झाला की 'रिन्स'वर अर्धा-एक मिनिट चालवा, नाहीतर टाकीत उरलेला मळ पहिल्या फेरीतच पोहणाऱ्यांच्या अंगावर येतो. टाकीत दाब असताना झाकणाचा पट्टा कोणीही सैल करू नये. झाकण उडून माणूस मरू शकतो.

तलावाच्या तळाशी रेती दिसू लागली तर ती झाडून काढून गप्प बसू नका. टाकीच्या बुडाशी लॅटरल नावाच्या बारीक फटींच्या नळ्या असतात. त्यातली एखादी तुटली की रेती पाण्याबरोबर बाहेर पडते. टाकी रिकामी करूनच ती बदलावी लागते.

आता रेतीकडे येऊ, कारण बालाघाटात खरा मोह इथेच आहे. रेती बदलायची वेळ आली की "वैनगंगा समोर आहे, ट्रॉली बोलवा" हा सल्ला सहज मिळतो. नदीची रेती घर बांधायला चांगली. फिल्टरला ती चालत नाही. तिच्यात माती असते, अभ्रकाच्या चकत्या असतात, आणि मुख्य म्हणजे दाणे लहानमोठे मिसळलेले असतात. बारीक दाणे फटी बुजवतात किंवा लॅटरलमधून तलावात येतात, जाड दाण्यांमधून मळ निसटतो. तलावाच्या फिल्टरला साधारण अर्ध्या मिलिमीटरचे एकसारखे, धुतलेले सिलिकाचे दाणे लागतात. नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्यासाठी केंद्र सरकारची जी मार्गदर्शक पुस्तिका आहे, तिच्यात फिल्टरच्या रेतीत सिलिका किमान 90 टक्के असावी आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये तिचा 5 टक्क्यांहून जास्त भाग विरघळू नये अशी अट आहे. पुरवठादाराकडून हे लेखी घ्या. तेवढं जमलं नाही तर निदान एका बाटलीत मूठभर रेती आणि पाणी घालून हलवा. पाणी गढूळ झालं की माल परत. ट्रॉलीत वाचलेले पैसे दोन उन्हाळ्यांत पावडरीत आणि मोटारीच्या विजेत जातात, आणि नदीचा काठ खरवडला जातो तो वेगळाच.

इथे आणखी एक गोष्ट आहे, जी नाशिक-पुण्याच्या तलावाला सहसा भेडसावत नाही. बालाघाट हा मँगनीजचा मुलूख आहे. भरवेलीची खाण शहराला लागूनच आहे, उकवा आणि तिरोडी याच जिल्ह्यात. बोअरच्या पाण्यात मँगनीज विरघळलेलं असेल तर ते उपसताना काचेसारखं स्वच्छ दिसतं. त्यात क्लोरीन पडला की मँगनीज हळूहळू तपकिरी-काळं होऊन बाहेर येतं. लोह असेल तर गंजाचा रंग येतो. लोक म्हणतात, पावडर नासकी निघाली. पावडर बरी असते. पाणी तपासलेलं नसतं. बोअरने तलाव भरणार असाल तर आधी त्या पाण्याची लोह आणि मँगनीजसाठी तपासणी करून घ्या. ते निघालं तर पोरांना आत सोडण्याआधीच क्लोरीन घालून तो रंग बाहेर काढा, तुरटीने बसवा, तळाचा गाळ रेतीत न नेता व्हॉल्व्हचं हँडल 'वेस्ट'वर ठेवून थेट बाहेर टाका आणि मग फिल्टर चालवा. टाकी वारंवार तुंबेल, तेव्हा काट्यावर नजर ठेवा.

रेतीवर इतकं कशाला बोलावं, असं कोणाला वाटत असेल तर त्याने 1892 चं हॅम्बुर्ग आठवावं. एल्ब नदीचं न गाळलेलं पाणी पिणाऱ्या त्या शहरात कॉलऱ्याने साडेआठ हजारांहून जास्त माणसं मेली. शेजारचं अल्टोना त्याच नदीचं, हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचं, म्हणजे अधिक घाण पाणी पीत होतं. पण ते रेतीतून गाळून. तिथे साथ फार कमी पसरली. आणि 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत नळाच्या पाण्यात क्लोरीन होता, तरी एका केंद्राच्या फिल्टरमधून गढूळपणा निसटला आणि सुमारे चार लाख लोकांना जुलाब झाले. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या त्या परजीवीला क्लोरीन सहज मारत नाही. तलावात तोच परजीवी एका लहान मुलाच्या शौचातून पसरू शकतो. त्याला अडवायला नीट चालणारी रेती आणि सोबत थोडी तुरटी लागते.

आणि जंतू बाजूला ठेवले तरी गढूळ पाण्याचा सगळ्यात मोठा धोका उरतोच. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. ते मिनिटभरात खाली जातं. पाणी पांढरट असेल तर काठावर उभा असलेला जीवरक्षक, त्याचं कितीही लक्ष असलं तरी, त्या मुलाला बघूच शकत नाही. म्हणून गढूळ पाण्यात तलाव चालू ठेवणं हा मला गुन्हा वाटतो. तो तलाव पालिकेचा असो, शाळेचा असो की हॉटेलचा.

व्यवस्थापनाने तीन आकडे फलकावर रोज लिहावेत: काट्याचा दाब, पीएच आणि क्लोरीन. शेवटचा बॅकवॉश कधी झाला तेही खाली टाकावं. यात काही गुपित नाही, खर्च नाही. आणि तुम्ही, आईवडिलांनी, तिकीट काढण्याआधी काठावर जाऊन सगळ्यात खोल भागाच्या तळाची जाळी शोधा. तिची भोकं स्पष्ट दिसली तर पोरांना उतरू द्या. दिसली नाहीत तर कोणी काहीही सांगो, मुलांना घेऊन घरी परत जा.