करा काहीतरी!

पेशंट अत्यवस्थ झाला की आपल्याकडे नातेवाइकांची एकच मागणी असते: 'करा काहीतरी!' काय करा, हे कुणी सांगत नाही. सुई टोचा, सलाईन लावा, मास्क चढवा. काही टोचलं नाही तर तो डॉक्टर कसला?

ही श्रद्धा केवळ आपलीच नाही. हृदय बंद पडलं की ॲड्रेनलिन द्यायचं, हे जगभरच्या ॲम्ब्युलन्समध्ये अर्धशतक बिनबोभाट चालू होतं. ते पुस्तकात होतं, परीक्षेत होतं, बॅगेत होतं. भक्कम पुरावा तेवढा नव्हता.

शेवटी ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी तो आगाऊ प्रश्न विचारला: याने खरंच फायदा होतो का? उत्तर शोधण्याचं काम आलं पाच ॲम्ब्युलन्स सेवांच्या पॅरामेडिकांवर. डिसेंबर २०१४ ते ऑक्टोबर २०१७ या काळात ८,०१४ पेशंट. पाकिटं दिसायला सारखीच. कुणाच्या वाट्याला ॲड्रेनलिन, कुणाच्या वाट्याला नुसतं सलाईन. देणाऱ्यालाही पत्ता नाही. बेशुद्ध माणसाची संमती कशी घेणार? म्हणून ज्याला यात पडायचं नाही त्याने आधीच स्टीलचं कडं मागवून मनगटात घालावं, अशी सोय केली. 'मरणाऱ्या माणसांवर प्रयोग!' अशी ओरड झालीच. त्याआधी पुराव्याविना जे चाललं होतं ते कुणाला खुपलं नव्हतं. त्याला उपचार म्हणत होते ना!

निकाल आला जुलै २०१८मध्ये. महिन्याभरानंतर जिवंत असलेले: ॲड्रेनलिन मिळालेल्यांत ३.२ टक्के, सलाईनवाल्यांत २.४. पेढे वाटण्याआधी पुढचंही वाचा. मेंदू बऱ्यापैकी शाबूत राहून सुटलेल्यांच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक नाही. उलट वाचलेल्यांपैकी मेंदूला गंभीर इजा झालेले ॲड्रेनलिनवाल्यांत ३१ टक्के, सलाईनवाल्यांत १७.८. औषध बॅगेतून गेलं नाही, आजही देतात. पण त्याचं देवपण गेलं.

खरी चपराक पुढेच आहे. एक जास्तीचा जीव वाचवायला ११२ जणांना ॲड्रेनलिन द्यावं लागतं. जवळच्या माणसाने छाती दाबायला घेतली तर हाच हिशोब १५ वर येतो आणि विजेचा झटका लवकर मिळाला तर ५ वर. म्हणजे ॲम्ब्युलन्सच्या अभ्यासातून निघालं काय, तर ॲम्ब्युलन्स येण्याआधी बघ्यांनी मोबाइल खिशात ठेवून हात चालवावेत. आमच्या सोसायट्यांत सीसीटीव्ही असतात. कोण कसा कोसळला याचं चित्रीकरण उत्तम मिळतं. झटक्याच्या यंत्राचा विषय वार्षिक सभेत काढून बघा; लिफ्टच्या दुरुस्तीवरून हाणामारी होईपर्यंत त्याची पाळी येत नाही.

ब्रिटनमध्ये २०२१पासून नव्या पॅरामेडिकच्या शिक्षणाची किमान पातळी पदवीची झाली. स्ट्रेचर उचलायला पदवी कशाला, असं आपल्याला वाटेल. स्ट्रेचरसाठी नव्हेच, गुरुजींनी शिकवलेलं खरं आहे का, हे विचारता यावं म्हणून. त्याच वर्षी आपल्या संसदेनेही संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला आणि आपत्कालीन सेवेतल्या तंत्रज्ञाला कागदावर व्यावसायिक म्हणून ओळख मिळाली. कागद आला, उत्तम. प्रश्न विचारायची मुभा त्याच टपालाने आली का?

महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीत डॉक्टरही दिला, हे खरंच कौतुकाचं. पण आपल्या चर्चा दोनच: गाड्या किती आणि पोचल्या किती मिनिटांत. पोचून जे केलं त्याने माणूस सुधारला, की केल्याचं समाधान तेवढं मिळालं, हे विचारायला ना फीत कापावी लागते ना हिरवा झेंडा दाखवावा लागतो. मग ते विचारणार कोण?

तोवर आपलं चालू द्या. काही सुचेना तर सलाईन लावा. गुण येवो न येवो, खाजगी इस्पितळाच्या बिलात एक ओळ तरी वाढेल!