गॅसवाले दाजी

जवळा बाजारला परभणी-औंढा रस्त्यावर कुणाच्याही गाडीचं बॉनेट वर झालं की दाजी हजर होतात. बोलवावं लागत नाही. तसे ते एकाच घरचे जावई. सासरवाडीत जमीन मिळाली आणि इथेच राहिले. पण गावाने त्यांना सगळ्यांचा जावई करून टाकलंय. म्हातारे दाजी म्हणतात, पोरं दाजी म्हणतात, हॉटेलवाला उधारीच्या वहीतसुद्धा दाजी एवढंच लिहितो. आणि मराठवाड्यात दाजीला तोंडावर 'तुम्ही चुकताय' म्हणायची रीत नाही. दाजींच्या मोटार-विद्येचा सगळा पाया हाच.

ते मेकॅनिक नाहीत. चारचाकी त्यांनी कधी बाळगली नाही. आहे ती मोटारसायकल, तिला एसी नसतो. तरी मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढं गेला आणि गाड्यांचे एसी रुसायला लागले की दाजींचा सीझन सुरू होतो. खांद्यावरची दस्ती झटकायची, वाकायचं, समोर येईल त्या पायपावर दोन बोटं ठेवायची आणि वैद्यबुवांनी नाडी बघावी तसे डोळे मिटायचे. पायप बहुतेक वेळा रेडिएटरचा असतो. तो गरम लागतो. दाजी डोळे उघडतात आणि म्हणतात, "गॅस गेलाय."

निदान हे एकच. पंखा बंद असो, फ्यूज उडालेला असो, उंदरानं वायर कुरतडलेली असो, गॅस गेलाय. अपवाद एकदाच पाहिला. उभ्या गाडीखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. दाजी ओरडले, "रेडिएटर फुटलं, बंद करा!" गाडीवाला घाबरून दरवाजा उघडाच टाकून धावला. ते पाणी एसीचं होतं. आतल्या गार कॉइलवर हवेतला दमटपणा जमतो आणि नळीतून खाली ठिबकतो. म्हणजे त्या दिवशी बाजारात धडधाकट एसी कुठला असेल तर तो हाच.

पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलात पहिल्यांदा कारखान्यातून एसी बसवून दिला, तेव्हा तो बंद करायला इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. दर वेळी बॉनेट! दाजी ऐंशी वर्षं उशिरा आणि चुकीच्या देशात जन्मले.

मागच्या उन्हाळ्यात हट्ट्याकडचे एक सर औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघाले होते. गाडी पुण्याहून आणलेली, सेकंडहँड. मागं बायको, सासूबाई आणि दोन लेकरं, सगळी घामानं निथळलेली. सरांनी हॉटेलसमोर गाडी लावली. बॉनेट वर झालं.

"सर, गॅस गेलाय. परभणीला जा, भरून घ्या."

जवळा बाजारचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला, पण दाजींचे स्पेअर पार्ट अजून परभणी जिल्ह्यातच आहेत.

"मागल्या साली तर भरला होता की, दाजी."

"मंग मी काय म्हन्लं? सालभर पळाली ना गाडी? जितकी पळंल तितका गॅस जळतो!"

सरांनी मान हलवली. विज्ञान शिकवतात ते. पण दाजी.

गॅस जळत नाही. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो, लहान गाडीत अर्धा किलोच्या आसपास, आणि तो बंद नळ्यांतून तेवढाच फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत तो उष्णता टाकतो, बारीक व्हॉल्व्हमधून सुटला की एकदम गार पडतो, आतली उष्णता उचलतो आणि परत कॉम्प्रेसरकडे. झटकन कमी झाला तर तो कुठून तरी गळतोय: एखादी ओ-रिंग वाळलीय, नाहीतर जाळीला खडा लागलाय. ती जागा न शोधता नुसता भरला, तर गेला त्याच वाटेनं परत जातो. दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणाऱ्यांचा पैसाही तसाच जातो.

तेवढ्यात पलीकडच्या गॅरेजातला पोरगा आला. हात काळे, तोंडात शब्द नाही. त्यानं एवढंच विचारलं, "सर, हवा गरम येयलीय का कमी येयलीय?"

सगळं काही या प्रश्नात होतं, आणि तो दाजींना सुचला नव्हता. भरपूर हवा पण कोमट, तर गॅस किंवा कॉम्प्रेसर बघायचा. पळताना गार आणि उभ्या गाडीत गरम, तर पुढचा पंखा. सरांनी डॅशबोर्डावरच्या जाळीपुढं हात धरला. हवा गार होती, पण फुंकर मारल्याइतकीच.

पोरानं डॅशबोर्डाचा डबा खाली पाडला, मागचं झाकण काढलं आणि केबिन फिल्टर ओढला. मूळचा पांढरा कागद पिवळाधमक झाला होता. हळदीच्या पॉलिशचा सगळा हंगाम त्याच्या घड्यांत बसला होता, वर कापसाचे तंतू, आणि कोपऱ्यात सोयाबीनची टरफलं गोळा करून उंदरानं मांडलेला संसार. पोरानं तो रस्त्याकडेला आपटला. पिवळा ढग उठला, सासूबाईंना शिंका सुटल्या. फिल्टर न लावताच गाडी चालू केली तर वारा थेट मागच्या सीटपर्यंत आला. नवा फिल्टर नंतर टाका म्हणाला, आणि पैसेही घेतले नाहीत.

सर दाजींकडं बघत होते. दाजी जराही हलले नाहीत.

"मी काय म्हन्लं? गाडीत काही तरी अडलंय म्हन्लं ना?"

कुणीच काही बोललं नाही. हॉटेलवाल्यानं न सांगता त्यांच्यापुढं चहा ठेवला.

तेव्हा या रस्त्यानं एसी बिघडलेली गाडी घेऊन जाणार असाल, तर आधी फिल्टर काढून झटका, मग पुढचा पंखा फिरतोय का बघा, आणि गॅसचं नाव सगळ्यात शेवटी काढा. दाजींना चहा मात्र सुरुवातीलाच सांगा. चहाला उशीर झाला की ते गॅसवरून कॉम्प्रेसरवर येतात, आणि ते काम फार महाग पडतं.