माझो इश्वास नाय, पण...

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही गावात भुतांची खात्रीलायक माहिती हवी असेल तर भुतं मानणाऱ्याकडे जाऊ नये. तो बिचारा घाबरलेला असतो, त्याने धड काही पाहिलेलं नसतं. भुतं न मानणारा गाठावा. कोण कुठल्या झाडावर, किती पिढ्यांपासून, अमावास्येला कुठवर येतं आणि आल्यावर काय मागतं, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. माझ्या आजोळी हे खातं बापूमास्तरांकडे आहे.

मास्तर आईच्या नात्यातले नाहीत, पण आजोळच्या गावात पुरुष तेवढे मामा, म्हणून ते मास्तरमामा. प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. खिशाला पेन, पायांत रबरी चपला आणि बारमाही काखेत छत्री. पावसाळ्यात पावसासाठी, वैशाखात उन्हासाठी. रात्री साडेआठला चांदण्यात छत्री कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "कुत्रे असतत रे वाटेर." छत्री जुन्या पद्धतीची आहे आणि तिचं टोक लोखंडाचं आहे. लोखंडाला कोण भितं ते कोकणात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, पण मास्तरांनी त्याचा उल्लेख केला नाही, म्हणून मीही केला नाही.

"माझो इश्वास नाय हां," हे त्यांचं नमनाचं वाक्य. त्यानंतर येतो तो ‘पण’.

"माझो इश्वास नाय हां. पण तिनसांजेक त्या वडाखालसून येव नको."

"का मामा?"

"खड्डे आसत थंय."

खड्डे खरोखरच आहेत. ते दिवसाही असतात, आणि दिवसा मास्तर त्याच वाटेने जातात.

आपल्या पूर्वजांनी एकही गोष्ट उगाच सांगितलेली नाही, प्रत्येकीमागे शास्त्र आहे, हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे गावात पाळायच्या म्हणून जेवढ्या गोष्टी आहेत त्या सगळ्या ते पाळतात, फक्त देवभोळ्या माणसासारख्या नव्हे, शास्त्रज्ञासारख्या. पिंपळाखाली रात्री झोपू नये, का? कारण झाड रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतं. मग त्याच पिंपळाला पार बांधून प्रदक्षिणा का घालायच्या? कारण पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन सोडतो. ही दोन्ही विधानं मी त्यांच्या तोंडून एकाच पारावर, एकाच बैठकीत ऐकली आहेत. झाडं रात्री श्वसन करतात हे खरं, पण उघड्या हवेत त्याने कुणाचा जीव गुदमरत नाही, आणि अंधारात ऑक्सिजन तयार करणं पिंपळालाही जमत नाही, एवढं मी बोलून पाहिलं. मास्तरांनी माझ्याकडे नापास मुलाकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या पुस्तकात नसतला." त्या पिंपळावर मुंजा आहे, म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. घराण्याच्या नावासकट. अर्थात विश्वास नव्हताच.

बाजारातून ते बांगडे आणतात ती पिशवी एकदा मी उतरवून घेतली. नायलॉनच्या जाळीची पिशवी. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले बांगडे, वर केळीच्या पानाचा तुकडा, आणि पानावर सुपारीएवढा कोळसा. शेजारी एक खिळा. रात्रीच्या वेळी मासळी घेऊन निघालं की वासावर ‘कोणीतरी’ मागे लागतं आणि घरी पोचेपर्यंत माशांची चव गेलेली असते, अशी आमच्याकडची समजूत. उपाय कोळशाचा.

"कोळसो वास शोषून घेता," मास्तर म्हणाले. "ॲक्टिव्हेटेड चारकोल. वाचलंय मी."

"आणि खिळा?"

"खिळो? तो आपलो असोच पडलेलो."

रात्री बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, तिसरीला द्यायची, हा तर सगळ्या कोकणाचा नियम. ‘त्यांना’ तीनदा हाक मारता येत नाही म्हणतात. मास्तरांनी हा नियम मोबाइललाही लावला. त्यांना फोन केला की पहिली रिंग पूर्ण वाजून बंद होते, दुसरीही होते, आणि तिसऱ्या वेळी मात्र अर्ध्या रिंगमध्ये "हॅलो" येतो. शास्त्र असं, की खरी गरज असलेला माणूस पुन्हा करतोच, आणि फसवणूक करणारे चोर एकदाच करतात. हे ऐकायला पटतं, म्हणूनच मास्तरांशी वाद घालणं अवघड. डोंबिवलीला दिलेल्या मुलीने त्यावर आपली पद्धत बसवली आहे: आधी मोबाइल, मग घरची लँडलाइन, मग पुन्हा मोबाइल. तीन भरतात.

मास्तर हे काही नव्याने उगवलेलं पीक नाही. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी ज्याला गोळ्या घातल्या तो कलेक्टर जॅक्सन लोकसमजुती गोळा करण्याच्या नादाचा होता. त्याच्या मागे राहिलेल्या टिपणांवरून एन्थोव्हेन नावाच्या दुसऱ्या साहेबाने 1915 साली कोकणावर एक आख्खा खंड काढला. या साहेबांना माहिती पुरवली कोणी? गावोगावच्या शाळामास्तरांनी. वेताळ, समंध, देवचार, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ, सगळी हजेरी लागली आहे, आणि ब्राह्मण मेला तर कोण होतो नि इतर मेले तर कोण होतात याचीही फोड आहे. आपल्याकडे माणूस मेल्यावरही जातीतून सुटत नाही, भूत झाला तरी पंगत वेगळीच. त्या मास्तरांनी साहेबाला उत्तरं लिहिताना आरंभी ‘अडाणी लोक असे मानतात’ असं घातलं असणार आणि शाळा सुटल्यावर उजेडात घर गाठलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

2013 साली जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद बापूमास्तरांना झाला. त्यांनी कायद्याची प्रत मिळवली, अनुसूचीतली बाराही कलमं लाल पेनाने अधोरेखित केली आणि पारावर वाचून दाखवली. कीर्तन, भजन, यात्रा यांना कायदा हात लावत नाही, हे त्यांनी दोनदा वाचलं. मंत्रतंत्राने भूत उतरवतो म्हणून माणसाला मारहाण करणं हा गुन्हा, हे वाचताना त्यांचा आवाज चढला होता. त्यात सोंग काही नव्हतं. कोण्या मांत्रिकाच्या मारातून एका पोराला त्यांनी एकट्याने सोडवून सरकारी दवाखान्यात नेलं होतं, हे गाव अजून सांगतं. सगळं वाचून झाल्यावर मी विचारलं, "म्हणजे भूत नाही असं कायदा म्हणतो?" मास्तर म्हणाले, "कायदो तसा खंय म्हणता? कायदो म्हणता, मारूचा नाय."

मालिकावाल्यांवर मात्र त्यांचा राग. 2016 साली ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, आकेरीतला तो वाडा बघायला मुंबईहून गाड्या येऊ लागल्या, आणि वाट चुकलेले काही जण आमच्या गावात येऊन "इथे भूत कुठे दिसेल?" असं बिनदिक्कत विचारू लागले. कोकणाची बदनामी होते म्हणून इतर लोक चिडले. मास्तरांची तक्रार निराळी होती. मालिकेत तपशील चुकत होते. अमुक वेळेला अमुक जागी तसं काही येतच नाही, म्हणाले. आलंच तर पाठमोरं येतं.

आरवलीच्या वेतोबाचं प्रकरण नाजूक आहे. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, केळ्यांचे घड देतात. वाहिलेल्या वहाणांचे तळ झिजतात असं भाविक सांगतात. मास्तर सांगतात की किनाऱ्यालगतच्या दमट हवेत चामडं टिकत नाही. ठीक आहे. पण मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मास्तर स्वतः वहाणांचा जोड घेऊन आरवलीला गेले होते, हे मामीने मला स्वयंपाकघरात सांगितलं. विचारलं तर म्हणाले, "स्थानिक कारागिराक काम मिळाक होया की नको?"

आता गावपळण.

मालवण तालुक्यात आचरा, चिंदर आणि आजूबाजूच्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवाला कौल लावतात, आणि देवाने हुकूम दिला की आख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. वेशीपलीकडे झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात, चुली पेटतात, रात्री भजनं नि फुगड्या रंगतात, चाकरमानी खास रजा टाकून येतात. मागे गावात दिवा नाही, झाडू नाही, विहिरीत कळशी नाही. तीन रात्रींनी पुन्हा कौल. देव हो म्हणाला तर परत, नाही तर मुक्काम वाढला. ते तीन दिवस गाव कुणासाठी मोकळं करून दिलेलं असतं हे कोणी मोठ्याने बोलत नाही.

माझ्या आजोळीही गावपळण आहे, आणि तिचे प्रवक्ते अर्थातच बापूमास्तर. विहिरींना विश्रांती, हवेची शुद्धी, साथीच्या रोगांची साखळी तुटणं, शेजाऱ्यांमधले तंटे मिटणं, अशी कारणं ते देतात. ती वाईट नाहीत. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊबंद एका चुलीवर चहा पितात हे मी पाहिलं आहे. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तर मास्तरांचा ऊर भरून आला. "जगाक आता कळला!" असं ते आठवडाभर सांगत होते, ओटीवर उभे राहून, तोंडाला पंचा बांधून.

मागच्या गावपळणीला मी होतो. गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत सगळ्यात खणखणीत आवाज मास्तरांचा होता. त्यालाही शास्त्र आहे: फुप्फुसांचा व्यायाम. संध्याकाळपर्यंत सगळे वेशीबाहेर आले, खोपीत सामान लागलं, आणि मामीने विचारलं, "तुमच्या प्रेशरच्या गोळयो खंय आसत?"

गोळ्या घरी, फडताळात. घर वेशीपासून हाकेच्या अंतरावर.

मी म्हटलं, "मामा, विहिरींना विश्रांती द्यायची आहे ना? तुम्ही विहिरीला हात लावू नका. फडताळातून गोळ्या घ्या आणि या. मी टॉर्च देतो."

मास्तर बराच वेळ चुलीत फुंकत राहिले. मग म्हणाले, "तीन दिस गोळी नाय घेतली तर शरीर शुद्ध होता." मामीने नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मास्तर कणकवलीला गेले आणि नवी पाकिटं घेऊन दुपारी परतले.

त्याच रात्री जेवणं आटोपल्यावर त्यांचा मोबाइल वाजला. वाजून बंद झाला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला, आणि मास्तरांनी झटकन उचलला. मुलीचा होता. मोठ्याने बोलायची सवय असल्यामुळे दोन्ही बाजू आम्हाला ऐकू येत होत्या.

"दुसऱ्याच रिंगेक फोन उचललंय मी," मास्तर आमच्याकडे बघून अभिमानाने म्हणाले. आपण किती पुढारलेले आहोत हे त्यांना दाखवायचं होतं.

"दुसऱ्या कुठे बाबा," पलीकडून आवाज आला. "तिसऱ्या. मध्ये घरी लावला होता ना. गावपळण विसरलेच मी."

मास्तर ताठ झाले. आवाज एकदम खाली आला.

"कोणी उचलूक नाय मा?"

"नाही. एंगेज लागत होता."

खोपीत कोणी काही बोललं नाही. मग सगळे एकदम बोलू लागले. निघायच्या घाईत रिसिव्हर बाजूला राहिला असेल, असं मी म्हटलं. मास्तरांनी ते ताबडतोब उचलून धरलं आणि रिसिव्हर उचललेला असला की लाइन का व्यस्त लागते हे चुलीच्या राखेत आकृती काढून सगळ्यांना समजावलं. आकृती बरोबर होती. फक्त त्या रात्री त्यांनी आपली वळकटी खोपीच्या दाराजवळून हलवून मधोमध, माझ्या आणि बैलाच्या मध्ये टाकली.

तिसऱ्या रात्रीनंतर देवाने हुकूम दिला आणि आम्ही परतलो. कुलूप मास्तरांनी काढलं, पण उंबऱ्याशी थांबून मला म्हणाले, "तू हो फुडे. तुझे डोळे चांगले." मी आत गेलो. फोन कोनाड्यात होता, रिसिव्हर जागच्या जागी. मी तसं सांगितलं. मास्तर म्हणाले, "म्हणजे लायनीत फॉल्ट." कोकणात लाइनीत फॉल्ट असणं हे काही अघटित नाही, आणि माझंही मत तेच आहे.

त्याच आठवड्यात त्यांनी लँडलाइन बंद करण्याचा अर्ज दिला. टपालात टाकायला माझ्याकडेच होता, म्हणून वाचला. अक्षर मास्तरांना शोभेल असं, वळणदार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: वापर नाही.